रात्रीच्या रकान्यातला सूर्य

सातारा
२ मार्च २०२५

प्रिय ब्राह्मी,

जय जिनेंद्र.

मावशी कशी आहे? पाठीच्या जखमा भरताहेत का? जिनदत्त म्हणाला, हवेची गादी आणल्यापासून बरंच बरं आहे. तुझ्या शाळेनं रजा वाढवून दिली का? मी ठीक आहे. साताऱ्यात ऊन आत्ताच चटके द्यायला लागलंय आणि आमच्या घरमालकिणीनं पाण्याच्या मोटारीवरून भांडणं सुरू केलीत, म्हणजे उन्हाळा आला असं समजायचं.

तुझी चिठ्ठी मिळाली. पुण्याला जाता जाता जिनदत्त मुद्दाम इथल्या स्टँडवर उतरला आणि देऊन गेला. चार ओळी आणि त्यात एकच प्रश्न. अगदी शाळेतल्या बाई आहेस, एका वाक्यात उत्तर लिहा. फोनवर मी विषय फिरवते, म्हणून लिहून दे म्हणालीस. खरंय, फिरवते.

आमच्या संस्थेनं तुम्हाला पाठवलेलं पत्र मी पाहिलंय. 'सहभागी व्यक्तीने रात्री अन्न-पाणी वर्ज्य असल्याची माहिती अभ्यासात सामील होताना लपवली. त्यामुळे झालेल्या परिणामास अभ्यास जबाबदार नाही.' त्यातल्या 'लपवली' शब्दाखाली तू लाल रेघ मारलीस आणि चिठ्ठीत विचारलंस, माझी आई खोटं बोलली का?

अगं, हे कागद असेच असतात. वकिलानं लिहायचे, साहेबानं सही करायची, माणूस कसा होता हे कुणी बघत नाही. मी दहा वर्षं याच कामात आहे. दारोदार जायचं, माणसं गोळा करायची, त्यांना कागद वाचून दाखवायचे, सह्या घ्यायच्या आणि मग महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायला न्यायचं. साखरेच्या आजारावरच्या नव्या गोळीचा हा अभ्यास तर मी आपल्या भागात हट्टानं आणला होता. आपल्या बायकांची फुकट तपासणी होईल, निदान पाय सुन्न पडायच्या आधी कळेल तरी, हाच हेतू होता. तो खोटा नव्हता, एवढं तरी तू मान.

मावशी खोटं बोलेल असं गावात कुणी म्हणेल का? बस्तीत दर्शनाला गेल्यावर पुजाऱ्यानं चुकून नारळाचं अख्खं अर्धं दिलं, तर ती परत द्यायला गेली होती, आठवतं? आणि आपलं जेवण. आई गेल्यावर मी आठ वर्षांची, आणि आमचे अण्णा रात्री नऊला घरी यायचे. दिवस कलला की तुमच्या मागच्या दारातून हाक यायची, "श्रद्धे, ये गं जेवायला, दिवस बुडला की मी काय वाढायची न्हाई." आपण दोघी आणि जिनदत्त एका ओळीत. मुगाची आमटी, भात, वर तूप. अंधार पडायच्या आत भांडी घासून पालथी. सातवीपर्यंत मी तुमच्याकडंच जेवले.

बघ, परत विषय फिरवला. उत्तर देईन गं. मूळ कागद एकदा नीट बघू दे. सोबत महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी जॅम पाठवते, तुला आवडतो म्हणून. मावशीच्या कपाळावरून माझा हात फिरव.

तुझी,
श्रद्धा

•

सातारा
१८ मे २०२५

प्रिय ब्राह्मी,

जय जिनेंद्र.

जॅम परत आला. बाटली उघडलेलीसुद्धा नाही. तूच पाठवलास हे कळायला चिठ्ठीची गरज नव्हती, कागद इतका घट्ट दोऱ्यानं तूच बांधतेस. बरं, मी खाईन.

परवा जिनदत्तचा फोन आला होता. अर्धा तास बोलला, आणि अर्ध्या तासात दहा वेळा तेच. डिसेंबरातल्या त्या पहाटे मावशीनं त्याला विचारलं, "दिवस उगवला का रं?" आणि हा म्हणाला, "आजून न्हाई आई, धा मिनटं हायती." मग म्हशीची धार काढायला गेला. परत आला तेव्हा ती कॉटखाली बेशुद्ध पडलेली. मुठीत ग्लुकोजची पुडी, एका कोपऱ्यात फाडलेली, आतली साखर होती तेवढीच. आम्हीच दिली होती ती, चक्कर आली, घाम फुटला तर लगेच तोंडात टाका म्हणून. तिनं पुडी फाडून तयार ठेवली आणि सूर्याची वाट बघत बसली.

"म्या उगवला म्हणालो आस्तो तर खाल्लं आस्तं तिनं," म्हणत होता. "धा मिनटांसाठी खोटं बोलाय काय झालं हुतं मला?" मी त्याला म्हणाले, तुझी काही चूक नाही. एवढंच म्हणाले. त्याच्या पुढचं म्हणायला हवं होतं ते मला म्हणता आलं नाही.

त्यानं आणखी एक सांगितलं. नाकातल्या नळीतून दर तीन तासांनी पेज घालावी लागते, रात्रीही. तू डॉक्टरांना विचारलंस म्हणे, सगळं दिवसाउजेडी बसवता येईल का, आणि ते नाही म्हणाले, शरीर तेवढं सोसायचं नाही. मग तू रात्रीच्या वेळी खिडक्या लावून घेतेस आणि खोलीतले सगळे दिवे लावतेस, तिला दिवस वाटावा म्हणून. हे ऐकल्यापासून मला संध्याकाळी जेवण जात नाही.

तर तुझा प्रश्न. सामील करून घेताना आम्ही चाळीस प्रश्न विचारतो. चौदावा प्रश्न असा होता: रात्री न खाण्याचा नियम, उपवास वगैरे आहे का? ज्यांना नियम आहे त्यांना या गोळीच्या अभ्यासात घ्यायचंच नव्हतं, कारण रात्री साखर उतरली तर खाल्लंच पाहिजे. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना हे सुचलं नव्हतं. तो प्रश्न मी घालायला लावला. 'आमच्याकडच्या बायका जीव गेला तरी रात्री तोंडात पाणी घालणार नाहीत,' असं मी भर बैठकीत म्हणाले होते, आणि आमच्या सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

मावशीच्या कागदावर त्या प्रश्नापुढं 'नाही' अशी खूण आहे. एका दिवसात सहा-सहा जणींचे कागद भरावे लागतात, डोळ्यांवर ताण येतो, एखादा रकाना चुकू शकतो. माझ्याकडून तसं झालं असेल. मावशीनं सांगितलं असेल आणि मीच चुकीच्या घरात खूण केली असेल.

एवढं पुरेल का तुला? जिनदत्तला वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझी,
श्रद्धा

•

सातारा
१५ सप्टेंबर २०२५

ब्राह्मी,

मावशी गेली हे मला गावच्या ग्रुपवर कळलं. जुलैची एकवीस तारीख. मी उंब्रजच्या एसटीत होते. मेसेजखाली एकामागून एक हात जोडलेले येत होते, त्यात मीही जोडले आणि फोन पर्समध्ये ठेवला. यायला हवं होतं. आले नाही, कारण तुझ्यासमोर उभं राहून रडायचं तोंड माझ्याकडं नव्हतं.

मे महिन्यातल्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस. ते पत्र खोटं होतं. रकाना चुकला नव्हता.

आता जसं झालं तसं लिहिते. अभ्यासाला सांगली भागातून साठ जणी हव्या होत्या आणि एकोणसाठ झाल्या होत्या. आपल्या गावांत जिला विचारावं तिला नियम. मीच घातलेला प्रश्न माझ्याच पायात आला. यादी बंद व्हायला दोन दिवस होते. साठ झाल्या नाहीत तर हा भाग अभ्यासातून वगळणार आणि ते काम दुसऱ्या जिल्ह्याला जाणार, असं सर म्हणाले होते. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, दुपार कलताना, मी तुमच्याकडं गेले. मावशी शेंगा फोडत बसली होती. मी म्हणाले, मावशी, अकरा पानं आहेत, वाचून दाखवते.

"काय वाचतीस? तुज्या नोकरीचं काम हाय न्हवं?"

मी म्हणाले, हो, पण ऐकायला पाहिजे. यातून त्रासही होऊ शकतो. नको म्हणालीस तरी चालतं.

"तू सांगतीस म्हंजे झालं की. तू काय माझं वायीट करतीस व्हय? आन हिकडं." पदराला हात पुसले आणि सही केली. 'आक्काताई' लिहिताना पहिल्या 'क'ला दुसरा जोडायला ती नेहमी थांबते, तशी थांबली. मग म्हणाली, "आता जिवून जा. ऊन उतरायला लागलंय."

चौदावा प्रश्न मी विचारलाच नाही. ज्या घरात पाच वर्षं मी दिवसाउजेडी जेवले, तिथं काय विचारणार? मुगाची आमटी खाल्ली, हात धुतले, आणि 'नाही'वर खूण केली. साक्षीदाराच्या जागी सही लागते, ती ज्यानं कागद वाचून दाखवला त्यानं करायची नसते, बाहेरच्या माणसानं करायची असते. तीही मीच केली.

जेवता जेवता मी तिला म्हणाले, गोळी रात्री नऊला जेवणानंतर घ्यायची लिहिलंय, तू आपली पाचला जेवलीस की घे. गोळीला काय कळतंय सूर्य कुठं आहे. ती हसली. मीही हसले. जेवणानंतर घ्यायची ना, मग जेवण पाचला काय आणि नऊला काय, असं मी मनाची समजूत घातली. पुढचे चौदा तास ती पाणीही घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. हिवाळ्यात रात्र मोठी होते हेही ठाऊक होतं. तिची साखर चांगली उतरत होती आणि मी खूश होते.

आता वह्यांचं. प्रत्येक सहभागी बाईला महिन्याची एक छोटी वही देतात. तारखा छापलेल्या, पुढं 'सकाळ' आणि 'रात्र' असे दोन रकाने. गोळी घेतली की 'रात्र'च्या रकान्यात बरोबरची खूण करायची. पहिल्या महिन्याची वही आणायला गेले आणि बघते तर प्रत्येक खुणेशेजारी मावशीनं एक गोल काढलेला, त्याला भोवती बारीक रेघा. एकतीसच्या एकतीस दिवस. मी विचारलं, मावशी, ही काय रांगोळी?

"रांगोळी न्हवं. दिवस हाय त्यो," म्हणाली. "रातच्या घरात नुसती खूण केली तर खोटं हुईल न्हवं? म्हणून दिवस काढला. तुज्या डाक्टरला कळंल की, ही बाई दिवसा घेतीया म्हणून."

ब्राह्मी, तिनं सांगितलं होतं. रोज सांगत होती, तिला येईल तसं, पेननं. ज्याला डोळे आहेत त्याला एका नजरेत कळलं असतं. महिन्याच्या महिन्याला तपासनीस येतो, त्यानं हे सूर्य बघितले असते तर पहिल्याच महिन्यात तिची गोळी बंद केली असती आणि आज ती मागच्या दारात बसून शेंगा फोडत असती.

मी ती वही घरी आणली. एका रविवारी कोरी वही घेतली, दोन रंगांची पेनं घेतली, आणि एकतीस दिवसांच्या खुणा उतरवून काढल्या. वेळ लिहिली रात्री नऊ, सव्वानऊ, नऊ. सगळीकडं एकच वेळ नको म्हणून. सूर्य गाळले. डिसेंबरापर्यंत दर महिन्याला हेच केलं. संस्थेकडं आहेत त्या सगळ्या वह्या माझ्या अक्षरातल्या आहेत. तिच्या वह्या माझ्या ट्रंकेत होत्या, साड्यांच्या खाली.

जानेवारीत चौकशी झाली तेव्हा मी सरांसमोर बसले होते. त्यांनी विचारलं, नियम असल्याचं बाईंनी सांगितलं होतं का? मी म्हणाले, नाही सर. त्या दोन शब्दांवरून तुमच्या घरी ते पत्र आलं.

तू म्हणशील, आता का सांगतेस. मागच्या महिन्यात गुडघेदुखीच्या नव्या अभ्यासासाठी उंब्रजला गेले होते. धोंडुबाई म्हणून माणदेशाकडून येऊन राहिलेल्या एक धनगर आजी आहेत. मी कागद काढले, पहिलंच पान वाचायला घेतलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं बाय. तू आपल्या मान्सावानी बोलतीस. कुटं अंगठा करू त्येवढं दाव." मी शाईचा डबा बंद केला, कागद पिशवीत घातले आणि उठले. त्या मागून विचारत होत्या, "काय चुकलं का माजं?" चहा ठेवला होता त्यांनी, तोही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं लिहून सरांच्या हातात दिलं. त्यांनी शांतपणे दोनदा वाचलं. ते वाईट माणूस नाहीत गं, मावशीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा स्वतः दोनदा येऊन गेले होते. म्हणाले, "श्रद्धा, अभ्यास संपला, अहवाल गेला. आता यातून कुणाचं काय भलं होणार आहे?" तरी मी तो कागद संशोधनाच्या नीतिसमितीकडं दिला आणि पोच घेतली. समितीचं उत्तर ऑगस्टअखेर आलं. तुमच्या निवेदनाची नोंद घेतली आहे. सहभागी व्यक्ती हयात नसल्याने फेरतपासणी शक्य नाही. संबंधित कर्मचाऱ्याने पुढील आदेशापर्यंत कामावर येऊ नये. तुमच्या घरी आलेलं पत्र मागं घेण्याबद्दल एक अक्षर नाही. मी फोन केला, तर म्हणाले तसा नियम नाही.

म्हणजे त्यांच्या दप्तरात मावशी लपवणारीच राहणार. ती गोळी उद्या बाजारात येईल, तिच्यामागच्या आकड्यांत मावशीच्या त्या पाच महिन्यांच्या रात्री असतील, मी लिहिलेल्या. ते आता मला पुसता येत नाही. मी प्रयत्न केला असं म्हणायचीही लाज वाटते, ती असताना सहा महिने होते माझ्याकडं. तू रात्रीचे दिवे लावत होतीस ते सहा महिने.

सोबत सहा वह्या आहेत, जुलै ते डिसेंबर. मूळच्या. माझ्या निवेदनाची प्रत आणि पोचही आहे. तुला कुठं न्यायच्या तर ने, वकिलाकडं, पेपरवाल्याकडं, जिकडं बोलावशील तिकडं मी येऊन हेच सांगेन. फार आशा धरू नकोस. शेवटची वही अकरा डिसेंबरला थांबते. त्या दिवशीचा सूर्य बाकीच्यांपेक्षा जरा मोठा आहे, का ते मला माहीत नाही.

जिनदत्तला मात्र आजच सांग. धारेला जायच्या आधी सांग. ती दहा मिनिटं त्याची नव्हती, माझी होती. त्यानं आईला खरं सांगितलं, तिनं शिकवलं होतं तसंच.

एक राहिलं. हे पत्र दहा दिवसांपूर्वीच लिहून झालं होतं, वरची तारीख तेवढी आजची. पोस्टात टाकलं नाही, कारण क्षमावाणी जवळ आली होती. त्या दिवशी दारात येऊन कुणीही हात जोडले तरी आपल्यात 'उत्तम क्षमा' म्हणावंच लागतं. वैऱ्यालाही. तू म्हणाली असतीस, मनात नसताना म्हणाली असतीस, कारण तू त्या आईची मुलगी आहेस. नाही म्हणता येणार नाही अशा वेळी तुमच्या दारात जायचं आणि हवं ते घेऊन यायचं, हे मी एकदा केलंय. म्हणून तो दिवस जाऊ दिला. आता तुझ्यावर काही बंधन नाही.

तू विचारलं होतंस, एका वाक्यात. नाही ब्राह्मी, तुझी आई खोटं बोलली नाही, मी बोलले.

क्षमा मागत नाही.

तुझ्या आईच्या हातचं जेवलेली,
श्रद्धा